पुस्तकांचा पत्ता

प्रस्तावना

पुस्तके जमवण्याचा छंद अनेकांना असतो. पूर्वी पुस्तके कपाटात राहत असत. कपाट भरले की नव्या पुस्तकाला जागा उरत नसे आणि जुन्या पुस्तकांची आवराआवर करावीच लागे. आता हजारो पुस्तके तळहाताएवढ्या ई-रीडरमध्ये, म्हणजे ई-वाचनयंत्रात, मावतात. जागेची अडचण संपली. पण जमवलेल्या हजार पुस्तकांतून हवे ते एक पुस्तक वेळेवर सापडायचे कसे, ही नवी अडचण उभी राहिली. प्रस्तुत पाठात लेखकाने स्वतःच्या एका अनुभवाच्या आधारे या प्रश्नाचा विचार केला आहे. पाठातील तंत्राची माहिती उपयुक्त आहेच. त्याहून महत्त्वाचे असे, की संग्रह आणि ग्रंथालय यांत काय फरक असतो, हे हा पाठ सांगतो.

उद्दिष्टे

हा पाठ अभ्यासल्यानंतर तुम्हांला पुढील गोष्टी करता येतील :
• ग्रंथमाहिती म्हणजे काय, ते उदाहरणांसह सांगणे;
• मराठी पुस्तकांची नोंद करताना येणाऱ्या अडचणी ओळखणे;
• स्वतःच्या ई-पुस्तकांची मांडणी टप्प्याटप्प्याने करणे;
• माहितीपर लेखातील मुख्य विचार शोधून तो स्वतःच्या शब्दांत मांडणे.

मूळ पाठ

नोकरीच्या निमित्ताने मी चंडीगडला आलो, तेव्हा या शहराच्या एका गुणाने मला प्रथम चकित केले. येथे परका माणूसही वाट चुकत नाही. ल कॉर्ब्युझिए या वास्तुशिल्पज्ञाने १९५१ पासून या शहराचा आराखडा आखला. सुमारे बाराशे मीटर लांब आणि आठशे मीटर रुंद अशा चौकटींत शहर विभागले आणि प्रत्येक चौकटीला क्रमांक दिला. या चौकटी म्हणजेच सेक्टर. विद्यापीठ सेक्टर १४ मध्ये, मोठे रुग्णालय सेक्टर १२ मध्ये, मुख्य बाजारपेठ सेक्टर १७ मध्ये. घराचा क्रमांक आणि सेक्टरचा क्रमांक एवढे दोन आकडे ठाऊक असले, की रिक्षावाला तुम्हांला नेमक्या दाराशी उतरवतो. आमच्या पुण्या-साताऱ्याकडच्या पत्त्यात ‘मारुतीच्या देवळामागे, पिंपळाच्या पाराजवळ’ अशी वर्णने असत. ती गोड खरी. पण देऊळ ज्याला ठाऊक, त्यालाच ती उपयोगी.

एवढ्या शिस्तीच्या शहरात मी राहत होतो. पण माझ्या पुस्तकांना मात्र पत्ता नव्हता.

बदलीच्या वेळी मराठी पुस्तकांची खोकी मागेच ठेवावी लागली होती. ती उणीव भरून काढण्यासाठी मी ई-पुस्तके जमवू लागलो. महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाने आपली कितीतरी प्रकाशने संकेतस्थळावर विनामूल्य ठेवली आहेत. मराठी विकिस्रोतावर जुने ग्रंथ मिळतात. आपल्या देशात लेखकाच्या निधनानंतर साठ वर्षांनी त्याचे लेखन स्वामित्वहक्कातून मुक्त होते. साने गुरुजींचे निधन १९५० मध्ये झाले. त्यामुळे २०११ पासून त्यांचे साहित्य कोणालाही उतरवून घेता येते. मिळेल ते मी घेत गेलो. पाहता पाहता अकराशे फाइली जमल्या. मनाला फार समाधान वाटे.

त्या समाधानाची परीक्षा २०१५ साली झाली. त्या वर्षीच्या एप्रिल महिन्यात ८८ वे अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन पंजाबातील घुमान या गावी भरले. संत नामदेवांचे उत्तरायुष्यातील वास्तव्य घुमानला होते, अशी परंपरा आहे. शिखांच्या गुरू ग्रंथ साहिबात नामदेवांची ६१ पदे समाविष्ट आहेत. संमेलनाची वार्ता ऐकून शेजारचे एक वृद्ध शीख गृहस्थ संध्याकाळी घरी आले. भगत नामदेवांची वाणी आपण लहानपणापासून गुरुद्वारात ऐकत आलो आहोत. पण त्यांच्या मातृभाषेतील वाणी कधी कानांवर पडली नाही, ती एकदा वाचून दाखवाल का, अशी त्यांनी विनंती केली.

नामदेवांची गाथा माझ्याजवळ होती, हे मला पक्के आठवत होते. मी ई-रीडर उघडला. ‘नामदेव’ हा शब्द शोधला. नामदेवांवरचा एक लेखसंग्रह निघाला. गाथा निघाली नाही. मग यादी चाळू लागलो. ‘स्कॅन ००४५’, ‘नवीन फाइल २’, ‘पुस्तक अंतिम’ अशी नावे डोळ्यांपुढून सरकत राहिली. चहा निवाला. अर्धा तास गेला. ते गृहस्थ समंजस होते. ‘पुन्हा कधीतरी’ असे म्हणून उठले. काखेत कळसा आणि गावाला वळसा, ही म्हण मी कित्येक वेळा वर्गात शिकवली होती. तिचा अर्थ त्या दिवशी मला खऱ्या अर्थाने कळला.

त्या रात्री विचार करताना लक्षात आले, की दोष यंत्राचा नव्हता. पुस्तक मिळाल्यावर ते कोणाचे, कशाविषयी, हे दोन शब्दांत नोंदवण्याचेही कष्ट मी घेतले नव्हते. ग्रंथपाल मात्र हेच काम आधी करतो. पुस्तक आले की ते दाखल नोंदवहीत चढते, त्याला वर्गांक मिळतो, त्याचे तालिकापत्र तयार होते आणि मगच ते कपाटात जाते. भारतीय ग्रंथालयशास्त्राचे जनक डॉ. एस. आर. रंगनाथन यांनी १९३१ मध्ये ग्रंथालयाचे पाच नियम मांडले. वाचकाचा वेळ वाया जाता कामा नये, असा त्यांतील एका नियमाचा आशय आहे. आपल्या मराठीतही शंकर गणेश दाते यांनी १८०० ते १९३७ या काळातील मुद्रित मराठी ग्रंथांची प्रचंड सूची सिद्ध केली. संगणक नसताना, एकेका पुस्तकाची नोंद हाताने करून त्यांनी हे काम उभे केले. त्यांच्या कामापुढे माझ्या अकराशे फाइली म्हणजे काहीच नव्हते.

पुस्तकाविषयीच्या या माहितीला आपण ग्रंथमाहिती म्हणू. संगणकाच्या व्यवहारात तिला ‘मेटाडेटा’ म्हणतात. शीर्षक, लेखक, प्रकाशक, प्रकाशनवर्ष, भाषा, विषय आणि मालिकेतील क्रमांक ही तिची मुख्य अंगे. फाइलचे नाव आणि ग्रंथमाहिती या भिन्न गोष्टी आहेत. फाइलचे नाव म्हणजे पाकिटावर कोणीतरी खरडलेली खूण. ग्रंथमाहिती म्हणजे पूर्ण पत्ता. ई-रीडर बहुधा हा पत्ताच वाचतो.

या कामासाठी मी ‘कॅलिबर’ नावाची संगणक-प्रणाली वापरली. कोविद गोयल या भारतीय तरुणाने २००६ मध्ये, अमेरिकेत शिकत असताना, तिची निर्मिती सुरू केली. सोनी कंपनीचा एक ई-रीडर तेव्हा नुकताच बाजारात आला होता आणि तो त्यांच्या लिनक्स प्रणालीच्या संगणकाशी जुळत नव्हता. स्वतःची गरज भागवण्यासाठी केलेले ते काम पुढे जगभरच्या वाचकांच्या उपयोगी पडले. ही प्रणाली विनामूल्य असून विंडोज, मॅक आणि लिनक्स या तिन्हींवर चालते.

कॅलिबरमध्ये पुस्तक घातले, की ती त्याची एक प्रत स्वतःच्या फोल्डरमध्ये ठेवते. मूळ फाइल जागच्या जागी राहते. त्या फोल्डरात लेखकाच्या नावाचा एक कप्पा आणि त्यात प्रत्येक पुस्तकाचा उपकप्पा, अशी रचना ती आपणहून करते. मी पहिल्याच आठवड्यात एक चूक केली. त्या फोल्डरात शिरून काही नावे स्वतः बदलली. परिणामी कॅलिबरला ती पुस्तके सापडेनात. ग्रंथालयातील पुस्तक वाचकाने मनाने दुसऱ्या खणात ठेवावे, तसाच हा प्रकार. जे काही बदलायचे ते कॅलिबरच्या खिडकीतूनच बदलावे, हा धडा मी शिकलो.

खरी कसोटी पुढेच होती आणि ती तंत्राची नव्हती, भाषेची होती. लेखकांची यादी पाहिली तर पु. ल. देशपांडे चार ठिकाणी होते. एके ठिकाणी ‘पु.ल. देशपांडे’, दुसरीकडे ‘पु. ल. देशपांडे’, तिसरीकडे ‘पुरुषोत्तम लक्ष्मण देशपांडे’ आणि चौथीकडे रोमन लिपीत. आपल्याला हा एकच लेखक दिसतो. संगणकाला चार दिसतात. दोन अक्षरांमधली एक मोकळी जागासुद्धा त्याच्या दृष्टीने नवा माणूस निर्माण करते. मराठीत टोपणनावांची परंपरा मोठी असल्याने ही अडचण आणखी वाढते. कुसुमाग्रज आणि वि. वा. शिरवाडकर एकच, गोविंदाग्रज आणि राम गणेश गडकरी एकच, केशवसुत म्हणजे कृष्णाजी केशव दामले. गडकऱ्यांची नाटके एका कप्प्यात आणि गोविंदाग्रजांची कविता दुसऱ्या कप्प्यात राहिली, तर नव्या वाचकाला तो एकच प्रतिभावंत आहे हे कसे कळावे?

यावर उपाय असा, की प्रत्येक लेखकाचे एक नाव प्रमाण मानावे आणि ते कायम पाळावे. दुसरे नाव खूणशब्द म्हणून नोंदवावे. कॅलिबरमध्ये लेखकांची पूर्ण यादी एकत्र उघडता येते. तेथे एकदा दुरुस्ती केली, की त्या लेखकाच्या सर्व पुस्तकांत ती आपोआप होते. आडनावाप्रमाणे अनुक्रम लावायचा असेल, तर ‘देशपांडे, पु. ल.’ असे क्रमासाठीचे वेगळे नावही देता येते. संतांना आडनावाचा नियम लावू नये. तेथे ‘नामदेव’ एवढेच नाव पुरेसे आहे. ‘संत’, ‘महाराज’, ‘भगत’ हे शब्द आदराचे आहेत. पण नोंदीच्या प्रारंभी आले की एकच नाव यादीत तीन ठिकाणी विखुरते.

शीर्षकांचाही असाच विचार करावा लागतो. १९६२ च्या शुद्धलेखन-नियमांपूर्वीच्या पुस्तकांत अनुस्वारांची रेलचेल असते. आज आपण ‘नाव’ असा शब्द शोधला, तर ‘नांव’ असे छापलेले शीर्षक निसटू शकते. शीर्षक मूळ छापील रूपातच ठेवावे, कारण ते इतिहासाचा पुरावा आहे. आजचे रूप खूणशब्दात द्यावे.

खूणशब्द, म्हणजेच टॅग, देताना मात्र संयम हवा. आरंभी मी उत्साहाने एकेका पुस्तकाला आठ-दहा खूणशब्द दिले. ‘कथा’, ‘कथासंग्रह’, ‘लघुकथा’, ‘गोष्टी’ असे चार शब्द एकाच अर्थाने आले आणि गोंधळ पूर्वीहून वाढला. मग सर्व पुसून एका कागदावर वीस शब्द लिहिले : कविता, कादंबरी, कथा, नाटक, चरित्र, संतसाहित्य, इतिहास, व्याकरण इत्यादी. या यादीबाहेरचा शब्द वापरायचा नाही, असा नियम स्वतःला घातला. एक शब्द साहित्यप्रकाराचा आणि एक विषयाचा, एवढ्याने बहुतेक पुस्तकांचे काम भागते. या कामात एक अनपेक्षित लाभ झाला. हे चरित्र की इतिहास, असे ठरवण्यासाठी पुस्तक उघडावे लागते, प्रस्तावना वाचावी लागते. केवळ जमवलेली कितीतरी पुस्तके मी त्या निमित्ताने प्रथमच उघडली.

फाइलींच्या स्वरूपाविषयीही थोडे सांगितले पाहिजे. ‘ईपब’ प्रकारातील मजकूर पडद्याच्या आकाराप्रमाणे मांडला जातो आणि अक्षर मोठे करता येते. ‘पीडीएफ’ म्हणजे पानाचे जणू छायाचित्र. लहान पडद्यावर ते वाचताना डोळे शिणतात. शिवाय युनिकोडपूर्व काळातील मराठी टंकांत केलेली पीडीएफ ईपबमध्ये रूपांतरित केली, तर मराठीऐवजी निरर्थक चिन्हे उमटतात. असे पुस्तक आहे त्याच स्वरूपात ठेवणे बरे. एकाच पुस्तकाची दोन्ही रूपे असतील, तर दोन नोंदी न करता एका नोंदीखाली ती एकत्र करावीत. विकत घेतलेली काही ई-पुस्तके कुलूपबंद असतात. ती ज्या कंपनीची, तिच्याच यंत्रावर किंवा तिच्याच ॲपमध्ये वाचावी लागतात. त्यांची रिकामी नोंद करून ठेवता येते. कागदी पुस्तकांचीही अशीच नोंद केली, तर घरातील सर्व पुस्तकांची एकच सूची तयार होते.

रोज संध्याकाळी वीस पुस्तके, असा नेम मी धरला. दोन महिन्यांत काम संपले. ई-रीडर तारेने संगणकाला जोडला आणि अकराशे पुस्तकांपैकी खरोखर वाचायची दोनशेच त्यावर पाठवली. बाकीची संगणकावरील ग्रंथालयात राहिली. कोबोसारख्या यंत्रांवर खूणशब्दांवरून पुस्तकांचे गट आपोआप पाडता येतात. किंडलच्या अलीकडच्या यंत्रांवर ते यंत्रावरच तयार करावे लागतात. शेवटी कॅलिबरच्या संपूर्ण फोल्डरची एक प्रत वेगळ्या डिस्कवर उतरवून ठेवली. आधी श्रम अकराशे पुस्तकांचे नव्हतेच; आता दोन महिन्यांचे होते, ते गमावून चालणार नव्हते.

आणि नामदेवांची गाथा? ती ‘स्कॅन ००४५’ या नावाखाली होती. त्या संध्याकाळी तिच्यावरून माझे बोट कितीदा तरी फिरले असेल.

पावसाळा सुरू होण्यापूर्वी एका संध्याकाळी मी शेजाऱ्यांकडे गेलो. ई-रीडरवर ‘संतसाहित्य’, त्याखाली ‘नामदेव’ आणि त्याखाली गाथा. क्षणार्धात पान उघडले. मी वाचू लागलो. त्यांना मराठी कळत नव्हते. डोळे मिटून ते ऐकत होते. ‘विठ्ठल’ हा शब्द आला आणि त्यांनी डोळे उघडले. “बीठल!” ते म्हणाले. गुरू ग्रंथ साहिबातील नामदेवांच्या पदांत हेच नाव येते. सातशे वर्षांपूर्वीचा एक शब्द दोन भाषांमधून आम्हां दोघांपर्यंत पोहोचला होता. त्याला अडवून ठेवणारी गोष्ट एकच होती. माझ्या आळसाने दिलेले एक निरर्थक नाव.

पुस्तक जवळ असणे आणि पुस्तक हाताला लागणे यांत फार अंतर आहे. ते अंतर पत्त्याने पार होते. संग्रह हौसेने होतो. ग्रंथालय काळजीने होते.

पाठगत प्रश्न

(अ) योग्य पर्याय निवडा.
१. लेखकाला गाथा वेळेवर सापडली नाही, कारण
(क) ई-रीडर बिघडला होता. (ख) गाथा संग्रहात नव्हती. (ग) ग्रंथमाहिती नोंदवलेली नव्हती.
२. जुन्या पुस्तकाचे शीर्षक मूळ रूपात ठेवावे, कारण
(क) ते शोधण्यास सोपे असते. (ख) ते इतिहासाचा पुरावा असते. (ग) ते बदलता येत नाही.

(आ) एका वाक्यात उत्तरे लिहा.
३. गोविंदाग्रज हे कोणाचे टोपणनाव आहे?
४. कॅलिबरच्या फोल्डरात शिरून नावे का बदलू नयेत?

शब्दार्थ

वास्तुशिल्पज्ञ – इमारती व नगरे यांची रचना करणारा तज्ज्ञ
स्वामित्वहक्क – स्वतःच्या निर्मितीवरील कायदेशीर अधिकार
दाखल नोंदवही – ग्रंथालयात आलेल्या पुस्तकांची क्रमवार नोंद असलेली वही
तालिकापत्र – एका पुस्तकाची माहिती देणारे कार्ड
टंक – छपाईच्या अक्षरांचा साचा, फॉण्ट
सिद्ध करणे – तयार करणे, पूर्णत्वास नेणे

भाषाभ्यास

‘काखेत कळसा आणि गावाला वळसा’ या म्हणीत ‘कळसा’ म्हणजे पाण्याची लहान घागर. वस्तू जवळ असूनही ती सगळीकडे शोधत फिरणे, हा म्हणीचा अर्थ. ‘कळसा’ आणि ‘वळसा’ या यमकामुळे ती सहज लक्षात राहते.

‘ग्रंथसंग्रह’ या शब्दाचा विग्रह ‘ग्रंथांचा संग्रह’ असा होतो. विग्रहात षष्ठी विभक्तीचा प्रत्यय येतो, म्हणून हा षष्ठी तत्पुरुष समास होय. पाठातील ‘प्रकाशनवर्ष’ आणि ‘साहित्यप्रकार’ या शब्दांचा विग्रह तुम्ही करून पाहा.

तुम्ही काय शिकलात

• पुस्तके जमवल्याने संग्रह होतो. त्यांची नीट नोंद केल्याने ग्रंथालय होते.
• फाइलचे नाव आणि ग्रंथमाहिती या भिन्न गोष्टी आहेत.
• लेखकाचे एकच प्रमाण नाव आणि मोजके खूणशब्द यांमुळे शोध सोपा होतो.
• सूचीकरण करताना पुस्तकाशी आपला परिचय वाढतो.
• पूर्ण झालेल्या कामाची एक प्रत वेगळी जपून ठेवावी.

स्वाध्याय

१. चंडीगड शहराच्या रचनेचे उदाहरण लेखकाने पाठाच्या आरंभी का दिले असावे? सविस्तर लिहा.
२. मराठी लेखकांच्या नावांची नोंद करताना कोणत्या अडचणी येतात? त्यांवरील उपाय सांगा.
३. ‘संग्रह हौसेने होतो, ग्रंथालय काळजीने होते’ या विधानाचा अर्थ पाठाच्या आधारे स्पष्ट करा.
४. गरज असताना जवळचीच वस्तू न सापडल्याचा तुमचा एखादा अनुभव दहा ते बारा ओळींत लिहा.

उपक्रम

तुमच्या घरातील किंवा भ्रमणध्वनीतील कोणतीही दहा पुस्तके घ्या. शीर्षक, लेखक, प्रकाशनवर्ष, साहित्यप्रकार आणि विषय असे पाच रकाने वहीत आखून त्यांची नोंद करा. नंतर ती वही मित्राच्या हाती द्या आणि त्याला एक पुस्तक शोधून काढण्यास सांगा. त्याला ते तुमच्या मदतीवाचून सापडले, तर तुमची नोंद योग्य झाली असे समजा.

पाठगत प्रश्नांची उत्तरे

१. (ग) २. (ख) ३. गोविंदाग्रज हे राम गणेश गडकरी यांचे टोपणनाव आहे. ४. नावे बदलल्यास कॅलिबरला ती पुस्तके सापडत नाहीत, म्हणून ती बदलू नयेत.